पिशवी काढली, तरी कंबर का दुखते?

डॉक्टरबाईंना विचारा

दसरा उलटला की आमच्या बालाघाट डोंगराच्या पट्ट्यातली गावं ऊसतोडीपायी रिकामी व्हायला लागतात. माझ्या दवाखान्यातली गर्दीही तेव्हाच ओसरते आणि पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परतली की दुपटीने वाढते. या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं ऊसतोडीचीच निघाली, म्हणून हा अंक त्यांना दिला. नावं-गावं काढून टाकली आहेत. मधुमेह आणि केसगळतीवाल्यांनी महिनाभर धीर धरावा.

प्रश्न : मी अंबाजोगाईला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई ३९ वर्षांची आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून ती आणि पप्पा कारखान्याला जातात. मी चौथीत असताना तिची गर्भपिशवी काढली. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. डॉक्टर म्हणाले, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पैसे उचलीतूनच गेले (टोळी नेणारा मुकादम हंगामाआधी देतो ती आगाऊ रक्कम). आता कंबर तर दुखतेच, वर अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो. रात्री दोनला उठून बसते. गावातल्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी दचकते. बारीकसारीक गोष्टीवरून रडते. आजी म्हणते, पिशवी काढलेल्या बाईचं डोकं असंच होतं. हे खरं का?

उत्तर : आजीच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण ते डोक्यापुरतं नाही. आधी घरातली पेटी उघड आणि ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोध. पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोश काढलेत का, हे त्यावर लिहिलेलं असतं. कार्ड सापडलं नाही तर सोनोग्राफीत कळेल. काढले असतील, तर पाळी जायचं जे वय इतर बायकांना पन्नाशीच्या आसपास येतं, ते तुझ्या आईला एकोणतिसाव्या वर्षी, टेबलावरच आलं. वाफा, घाम, उडालेली झोप, धरलेले सांधे, उगाच येणारं रडू हे सगळं त्यातलं. बीजांडकोश ठेवले असले तरी पिशवी काढलेल्या बाईत ते काही वर्षं आधी थकतात.

यावर उपचार आहेत, आणि दहा वर्षांत तिला ते कुणी सांगितले नाहीत याचा मला राग आहे. इतक्या कमी वयात बीजांडकोश गेलेल्या बाईला, दुसरी काही अडचण नसेल तर, पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोनचं औषध देतात. ते मेडिकलमधून परस्पर आणायचं नसतं. रक्तदाब आणि स्तनांची तपासणी करून स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतात. हाडंही लवकर ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बघावं लागतं. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. तू अंबाजोगाईतच आहेस. स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोगाची ओपीडी गाठ, आणि त्याच खेपेला मानसोपचार विभागातही जाऊन या. तिकडे जायला आई लाजेल. तिला सांग, झोपेचे डॉक्टर आहेत. खोटं नाही ते.

आता कंबर. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, दिवसातून कितीतरी वेळा, आणि तेही पहाटे भाकरी थापून उसाच्या फडावर गेल्यावर. अशी कंबर पिशवी असली काय आणि नसली काय, दुखणारच. पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो. फडात आंघोळीला आडोसा नाही, कापड वाळवायला जागा नाही, पाणी नाही, लघवी दाबून धरायची. आठवडाभराच्या गोळ्यांनी तो बरा होतो. काही प्रकारांत नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, आणि तिथेच घोडं अडतं. खरोखर कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी करतात, तुकडा काढून पाठवतात. नुसत्या पांढऱ्यासाठी पिशवी काढत नाहीत.

तुझ्या आईसारख्या किती, तर २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली होती. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहात एक. त्याच्या तीन-चार वर्षं आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभराचा आकडा शंभरात तीनच्या आसपास होता. त्या गाजावाजानंतर जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं. ते आलं ते बरंच झालं. पण ज्यांची काढून झाली त्यांच्या हाडांचं आणि झोपेचं काय, हे विचारायला कुणी आलेलं मला दिसलं नाही.

मुकादम सांगतो म्हणून बायका पिशवी काढतात, असं बातम्यांत येतं. माझ्यासमोर बसलेल्या बायका तसं क्वचित म्हणतात. त्या म्हणतात, ‘काढून टाका बाई, एकदाची कटकट जाऊ द्या.’ कटकट म्हणजे पाळीच्या दिवसांतले खाडे. एक दिवस पडून राहिलं की पाचशे-हजार रुपये उचलीच्या हिशेबात चढतात. मुकादमाला तोंडाने काही सांगावंच लागत नाही.

ट्रकचं लिहिलंस ते बरं केलंस. मी अशा बाईला रक्तदाबाबरोबर एक प्रश्न नेहमी विचारते, की गाडी भरायला रात्री किती वाजता उठवायचे? ट्रक कधी अकराला येतो, कधी दोनला. आला की उठायचं, लेकरू खोपीत झोपलेलं टाकून. उठायला उशीर झाला तर टोळीची बोलणी. पाच-सहा महिने, वर्षानुवर्षं असं झालं की शरीर त्या आवाजावर पहारा ठेवायला शिकतं, आणि हंगाम संपला म्हणून पहारा उठत नाही. हा वेडेपणा नव्हे. मनावरच्या ताणाचा हा ओळखीचा प्रकार आहे. बोलण्याने आणि गरज पडली तर गोळीने तो कमी होतो.

दोन गोष्टी तू स्वतः कर. एक, आई दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खाते का बघ. उन्हात काम, पाणी कमी आणि वर त्या गोळ्या, यात मूत्रपिंडं जातात. दुसरी जड आहे. गेल्या पंधरा दिवसांत तिचं मन कशातच लागलं नाही असं झालं का, जीव नकोसा होतो का, हे तिला सरळ विचार. विचारल्याने तसा विचार डोक्यात येत नाही. असलेला बाहेर पडतो. ती हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नकोस, घरातलं फवारणीचं औषध बाहेर काढ आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात. फोन तूच लावून दे. आणि यंदा ते जाणारच असतील तर पप्पांशी बोल. बांधणं आईने, डोक्यावर घेऊन चढवणं त्यांनी. घरात शिकलेली तू आहेस, तुझं ऐकतील.

प्रश्न : आम्ही वाळवा तालुक्यातले. गेल्या हंगामात आमच्या फडात तोडणी चालू असताना टोळीतल्या एका बाईच्या डाव्या हाताचं बोट कोयत्याने चांगलंच कापलं. मुकादमाने तंबाखू दाबली, फडकं बांधलं, आणि ती तासाभराने परत मोळ्या बांधायला लागली. आमचे हे म्हणाले, आपण मध्ये पडू नये. पुन्हा असं झालं तर मी काय करावं?

उत्तर : वहिनी, मध्ये पडा. फड तुमचा आहे.

तंबाखू, राख, हळद, रॉकेल, काहीही नको. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम धुवा, धुतलेल्या सुती कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबून हात वर धरायला लावा. मध्येमध्ये उघडून बघायचं नाही. मग तिला बोट वाकवून दाखवायला सांगा आणि टोकाला स्पर्श कळतो का विचारा. वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर आतली शीर किंवा स्नायूची दोरी तुटली आहे. साध्या टाक्यांनी ते भागत नाही, मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. तुकडाच पडला असेल तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकू नका. लवकर पोचलं तर बोट जोडता येतं. गेल्या पाच वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर ते शेतातल्या मातीच्या जखमेला नक्कीच.

डावं बोट गेलं म्हणून काय झालं, असं टोळीतच म्हणतात. उजव्या हाताने कोयता आणि डाव्याने उसाचं कांडं धरायचं असतं. डाव्या हाताची पकड गेलेली बाई पुढच्या वर्षी अर्ध्या मोलाची ठरते. माझ्याकडे अशा बायका बोट दाखवायला येतच नाहीत. डोकं जड झालंय, खाल्लेलं अंगी लागत नाही, असं काहीतरी सांगत येतात, आणि बोलता बोलता हात पदराआड नेतात.

सरकारी दवाखान्यातच न्या आणि केसपेपरवर ‘ऊस तोडताना कोयता लागून’ असं लिहून घ्या. ‘घरी पडून’ लिहायला मुकादम सांगेल. कामावर इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, माणसं ठेकेदारामार्फत लावली असली तरी मूळ मालकाने द्यायची, हा कायदा १९२३ सालचा आहे. आता त्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या. कारखाना म्हणेल, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणेल, मी कोण? अशा वेळी तो केसपेपर, फडातला फोटो आणि तोडणीची चिठ्ठी एवढंच तिच्या हातात राहतं. हे कागद तिला तुम्ही जमवून द्या.

आणि टोळी फडात येईल तेव्हा पिण्याच्या पाण्याचं एक पिंप, आणि बायकांसाठी साड्या बांधून एक आडोसा. टोळ्या खुशाली (तोडणीचे वरचे पैसे) मागतात म्हणून तुमच्या घरात चिडचिड असेल, ती मी समजू शकते. पण खुशाली खिशात घालणारा वेगळा आणि आडोसा लागणारी वेगळी.

प्रश्न : (भाच्याकडून लिहून घेतलेलं) आम्ही शिरूर कासारकडचे. गेल्या साली अथणीकडं होतो. बायकोला सहावा महिना होता. गाडी भरताना पोटात कळ आली आणि रातीतून लेकरू गेलं. चौथ्या दिवशी ती कामाला लागली. गावाकडं आल्यापासून बोलत नाही. महिन्यातून दोनदा दातखिळी बसते, हातपाय ताठतात. आई म्हणती, बाहेरचं आहे. मुकादम म्हणतो, नाटकं करती. सव्वा लाख उचल घेतलेली आहे. तिला यंदा न्यावं का? नाही नेलं तर उचलीचं काय?

उत्तर : दादा, यंदा तिला नेऊ नका. पत्रात तुम्ही बायकोबद्दल आधी विचारलं आणि उचलीबद्दल नंतर, हे मी लक्षात ठेवलं आहे.

पहिलं काम. पुढच्या वेळी दातखिळी बसली की भाच्याला मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करायला सांगा. जीभ चावली जाते का, कपड्यात लघवी होते का, झोपेत असताना होतं का, एवढं बघून ठेवा. यातलं काही असेल तर ती फिट असू शकते, तिचं औषध वेगळं. नसेल, तर दुःखाला तोंड फुटलेलं नाही आणि ते अंगातून वाट काढतंय असं समजा. ती मुद्दाम करत नाही, तिला ते थांबवताही येत नाही. नाकाला कांदा-चप्पल लावू नका, दातात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, गर्दी हटवा. बीडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर बसतात, चित्रण घेऊन तिथे जा.

आईंना देवाचं काही करायचं असेल तर करू द्या. ओटी भरली, गंडा बांधला, हरकत नाही. मारणं, धुरी, उपाशी ठेवणं मात्र होऊ द्यायचं नाही.

दुसरं. त्या लेकराबद्दल घरात कुणी बोलता का? मुलगा होता की मुलगी, हेही तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बाळंत झालेल्या बाईला सव्वा महिना बसवतो आपण. हिला तीन दिवस मिळाले, तेही पाचटाच्या खोपीत, दूध उतरलं असेल ते तसंच. तिच्या आईला किंवा बहिणीला पंधरा दिवस आणून ठेवा. तुम्ही स्वतः तिच्याजवळ बसून त्या रातीचं बोला. ती बोलली नाही तरी चालेल. पुढच्या दिवसांची घाई नको. सहा महिने तरी जाऊ द्या, आणि तिचं रक्त तपासून घ्या. अशा वेळी बरंच गेलेलं असतं.

उचलीचं. तुम्ही अर्ध्या कोयत्याने, म्हणजे जोडीशिवाय एकटे जाऊ शकता, किंवा भावकीतलं कुणी जोडीला घ्या. फिटेल तेवढी फिटेल, बाकी पुढच्या साली, हे मुकादमाशी चार माणसांत बोला आणि वहीत लिहून घ्या. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तुमचा हिशेब त्या दराने लावलाय का तेही बघा. पैसे येणं आहे म्हणून बायकोला उचलून नेईन, पोरं अडकवून ठेवीन, असं कुणी म्हणालं, तर तो १९७६ च्या वेठबिगारी कायद्याखाली गुन्हा आहे. तहसीलदाराकडे अर्ज द्या, भाच्याला लिहायला सांगा. अक्षर चांगलं आहे त्याचं.

प्रश्न : लाखाच्या उचली घेऊन लग्नं लावायची, गाड्या घ्यायच्या आणि मग रडायचं. तुम्ही डॉक्टर आहात, औषध सांगा. समाजकार्य कशाला? (पुणे)

उत्तर : औषधच सांगते आहे. दम्याच्या माणसाला मी चूल कसली आहे विचारते, तसं हिला उचल किती आहे विचारते. उचलीतून लग्नं होतात, दवाखानेही होतात, कोरड्या साली तर किराणाही होतो. गाड्या घेतलेले असतील कुणी. माझ्याकडे येतात त्या एसटीने येतात.

प्रश्न : (नाव नाही) आमचा मुकादम रातीचा खोपीजवळ येतो. नवऱ्याला सांगितलं तर मारामारी होईल, उचल आहे, म्हणून गप आहे. फडात एकटं मागं राहायची भीती वाटते. जेवण जात नाही. छातीत धडधडतं.

उत्तर : बाई, धडधडतंय ते तुमचं काळीज बरोबर काम करतंय. धोका आहे म्हणून ते सांगतं आहे. यावर झोपेची गोळी मागायला कुणाकडे जाऊ नका.

आधी टोळीतली एक बाई निवडा. वयाने मोठी, तोंडाने खमकी. तिला एवढंच सांगा की रातीला लघवीला मी तुम्हाला उठवीन. बहुतेक वेळा कळतं, की ती आधीपासून जागीच असते आणि तिची सूनही. मागं राहायचं ते दोघींनी. तो आला तो दिवस, तो काय बोलला, कुठल्या गावच्या फडात होता, हे तुमच्या पोरीच्या वहीत लिहून ठेवा.

१८१ हा बायकांसाठीचा नंबर आहे. जीवावरचं असेल तर ११२. ‘सखी’ केंद्रात पोलीस, वकील, डॉक्टर एका ठिकाणी मिळतात. कामाच्या जागी बाईला त्रास झाला तर २०१३ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार देता येते. त्याला कंपनी आणि ऑफिस लागत नाही, उसाचा फडही कामाची जागाच आहे. पोलीस म्हणतील, तुमचं गाव आमच्या हद्दीत नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, झिरो नंबरने घ्या म्हणा. नवऱ्याला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण सांगाल तेव्हा दिवसा सांगा, ती मोठी बाई बरोबर असताना.

एवढं करून तक्रार द्यावीच, असं मी इथे बसून म्हणणार नाही. पट्टा पडेपर्यंत राहायचं त्याच तळावर आहे, हे मला माहीत आहे. उचल मोडून निघावंसं वाटलं, तर त्या १८१ वरच तेही विचारा.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. माझ्या वाडीतून यंदा बऱ्याच जणी चालल्यात. निघायच्या आधी बायकांच्या पिशवीत काय देऊ?

उत्तर : किती सरळ प्रश्न विचारलात! लोहाच्या गोळ्या पूर्ण हंगामाच्या द्या, महिन्याच्या नकोत. सॅनिटरी पॅड मिळत असतील तर पॅड, नाहीतर गडद रंगाचं नको, फिक्या सुती कापडाचे तुकडे. फिक्यावर रक्त किती जातं ते कळतं. मीठ-साखरेची पाकिटं, जखमेची पट्टी, धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच. ज्या गरोदर आहेत त्यांचं माता-बाल कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून द्या, आणि त्या जिथे जाणार त्या कारखान्याच्या गावातल्या आशाला फोन करून ठेवा. रेशनकार्ड बरोबर न्यायला सांगा, धान्य तिकडेही उचलता येतं. कोयत्याच्या मुठीला गुंडाळायला जुन्या सायकलची ट्यूब फुकट मिळते, हात सटकत नाही. फोन सहसा नवऱ्याच्या खिशात असतो, म्हणून १०८, १८१ आणि १४४१६ हे तीन नंबर डब्याच्या झाकणाच्या आतून रंगाने लिहा, आणि वाचता येत नसेल तर पोरीकडून एकदा पाठ करून घ्या.